तांबड्या रेघेला हात लावू नये

नगरपालिकेच्या दाराशी, काचेच्या पेटीत कुलूपबंद करून लावलेल्या जाहीर सूचनेत असे म्हटले होते: ‘यापुढे कोणताही अर्ज, तक्रार अथवा निवेदन वर्ड फाईलच्या स्वरूपात स्वीकारले जाणार नाही. अर्जदाराने आपली फाईल मनचित्र केंद्राच्या वेबसाइटवर चढवून तिचे चित्र करून घ्यावे. चित्रातील अक्षर बदलता येत नाही, सबब चित्र खोटे बोलत नाही. फाईलचे चित्र होत असताना अर्जदाराचे खरे मन केंद्रप्रमुख चित्रगुरू यांना दिसते, हे अनुभवाने सिद्ध झाले असल्यामुळे त्यांचा अभिप्राय निर्णयास पूरक मानण्यात येईल.’

खाली सही होती आणि सहीवर शिक्का होता. शिक्का बसला की विचार उठून जातो, अशी कचेरीची जुनी रीत आहे. तरीही सूचनेतील विधाने एकेक करून हातात घेऊन पाहायला हरकत नाही.

चित्रातील अक्षर सहजी बदलता येत नाही, हे खरे. परंतु त्यावरून निष्पन्न काय होते? खोट्या मजकुराचे चित्र काढले, तर ते न बदलणारे खोटे होते, एवढेच. ‘सबब’ हा शब्द कचेरीतला हमाल आहे. त्याच्या पाठीवर काय लादले आहे हे तो विचारत नाही. ‘अनुभवाने सिद्ध’ म्हणावे, तर अनुभव कोणाचा, तो तपासला कोणी आणि कसा, याविषयी सूचना मूग गिळून बसली होती. उरला ‘पूरक’ हा शब्द. अभिप्राय पूरक आणि निर्णय मुख्य, असा त्याचा कोशातला अर्थ. प्रत्यक्षात गेल्या वर्षभरात चित्रगुरूंच्या अभिप्रायाविरुद्ध एकही निर्णय झालेला नव्हता. शेपूट कुत्र्याला हलवीत होते, आणि कुत्रा त्याबद्दल शेपटाचे आभार मानीत होता.

हे चित्रगुरू कालपरवापर्यंत नगरपालिकेसमोरच्या गाळ्यात एक यंत्र घेऊन बसत आणि लोक त्यांना ‘ए झेरॉक्स’ अशी हाक मारीत. पुढे त्यांनी वेबसाइट काढली. वर्ड फाईल द्यावी, चित्र घ्यावे, इतकाच तिचा व्यवहार. असा व्यवहार करणाऱ्या वेबसाइटी जगात पैशाला पासरी आहेत आणि त्यांपैकी कोणीही मन वाचल्याचे ऐकिवात नाही. परंतु झेरॉक्सने पांढरा सदरा शिवला, आवाज अर्धा खाली आणला, डोळे अर्धे मिटले, आणि गाळ्यापुढची रांग वळण घेऊन पलीकडच्या गल्लीत शिरली.

त्या रांगेत एके सकाळी शाळेच्या बाई उभ्या होत्या. शाळेचे छत गळत होते आणि त्या तक्रारीचे चित्र करून घेणे भाग होते. या बाई भाषा शिकवीत. मुलांनी खोडरबराने पुसलेला शब्द त्या वही तिरपी धरून, उजेडात कागदावरचे वळ पाहून वाचीत. म्हणून गावात त्यांचे नाव ‘खोडरबरबाई’ पडले होते. हे नाव आपल्याला माहीत नाही असे त्या दाखवीत, आणि ते माहीत असल्याचे मुले दाखवीत नसत. एकंदरीत सलोखा होता.

बाईंच्या पुढे किराणावाला उभा होता. त्याचा नंबर आला. चित्रगुरूंनी लॅपटॉपचा पडदा स्वतःकडे वळवला. भक्तांना पडद्याची पाठ तेवढी दिसे.

“फाईल आली,” चित्रगुरू म्हणाले. “अक्षरं थिजतायत. थिजली. आता मन वर येतंय. दादा, तुम्ही शेजाऱ्याला ‘आदरणीय’ लिहिलंयत.”

“लिहिलंय, गुरू. गटार त्याने माझ्या दारात सोडलंय, पण लिहायचं तर आदरानेच लिहावं म्हटलं.”

“वर आदर आहे. खाली एक प्राणी आहे.”

किराणावाल्याचा चेहरा पिठासारखा झाला.

“लांब कानांचा,” चित्रगुरू म्हणाले.

“गाढव,” किराणावाला पुटपुटला. “गुरू, मी तसं लिहिलं होतं. पण ते खोडलं. त्याचा मागमूस ठेवला नाही.”

“कागदावर खोडलंत. मनातून कुठे खोडलंत?”

रांगेतून एक लांब ‘आहाहा’ निघाला आणि वळणापलीकडे जाऊन विरला. आणखीही काही वर येणार होते, असे चित्रगुरूंच्या मुद्रेवरून दिसत होते. पण किराणावाल्याने लगबगीने ‘मौनाची फी’ भरली आणि बाकीचे मन आतच राहिले. ही फी ऐच्छिक होती. गळ्यावर सुरी ठेवून विचारलेल्या सगळ्याच गोष्टी ऐच्छिक असतात.

“तो अर्ज तुम्ही स्वतः लिहिला होता?” बाईंनी किराणावाल्याला विचारले.

“लिहिला दुकानातल्या कॉम्प्युटरवर मीच, बाई. पण मी रागात लिहितो. मग संध्याकाळी घरच्या कॉम्प्युटरवर जावई बसतो आणि नरम करतो. आमच्याकडे कोणताही अर्ज जावयाच्या हाताखालून गेल्याशिवाय बाहेर पडत नाही.”

हे काही नवल नव्हते. गावाची रीतच ती होती. जिथे राग आला तिथे लिहायचे, आणि घरी जाऊन कोणा शहाण्याच्या हातून, किंवा थंड झाल्यावर आपल्याच हाताने, त्यातला दारूगोळा काढून टाकायचा. बाईंनी ऐकले आणि मान हलवली. पुढे दोन दिवस त्यांना त्या उत्तराची आठवणही झाली नाही.

त्यांचा स्वतःचा नंबर आला तेव्हा चित्रगुरू म्हणाले, “तुमचं मन आज दिसणार नाही, बाई. पहिल्या भेटीत मन लाजतं. ही घ्या सिद्ध फाईल. यापुढे जे काय लिहायचं ते हिच्यावरच. जुनं खोडा, नवं लिहा, पुन्हा खोडा, पण फाईल हीच ठेवा. कोरी फाईल अशुभ. आणि डाव्या कडेला कधी तांबडी रेघ उमटली, तर समजा कृपा झाली. तिला हात लावायचा नाही. माउसचा बाणसुद्धा नाही. लावला की यंत्र जळतं.”

“जळलंय का कोणाचं?”

“माझ्या मेहुण्याचं जळलं,” मागून एकजण म्हणाला.

“तुम्ही पाहिलंत?”

“मी नाही. मेहुण्याने सांगितलं. त्याच्या साडूचं होतं.”

बाईंनी फाईल घेतली आणि शाळेची वाट धरली. अग्नी शेवटपर्यंत साडूच्याच घरी लागणार, हे त्यांना ठाऊक होते.

हा सगळा प्रकार बाईंनी हसण्यावारी नेला असता, तर ती त्यांची चूक ठरली असती, आणि दोन दिवस त्यांनी ती केली. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या टेबलाशी त्यांची भाची येऊन बसली आणि ताटाकडे बघत राहिली.

भाची म्हणजे बाईंच्या नणंदेची मुलगी. लहानपणापासून मामा-मामींकडेच वाढलेली. गावच्या ग्रंथालयात ती वर्षानुवर्षे हंगामी म्हणून काम करीत होती. पुस्तकांच्या उसवलेल्या पाठी शिवण्यापासून वाचकांच्या उसवलेल्या तक्रारी शिवण्यापर्यंत सगळे. आता ग्रंथपालाची कायम जागा निघाली होती. ती मिळाली नाही तर हंगामीही जाणार होते, कारण नवा ग्रंथपाल आपला माणूस आणणार. त्या जागेसाठीची मुलाखत त्या दिवशी सकाळी झाली होती.

“काय विचारलं?” बाईंनी विचारले.

“काही नाही विचारलं, मामी. चित्रगुरूंचा अभिप्राय वाचून दाखवला.” भाचीने ताट दूर सरकवले. “म्हणे, वरून ही लिहिते ‘आजन्म सेवा करीन’, पण मनात राजीनामा आहे. कारण मूळव्याध. आणि वरिष्ठांना ही बिनडोक समजते. नगराध्यक्ष म्हणाले, राजीनामा मनात घेऊन येणारीला नेमायचं कशाला? अंतिम निर्णय उघड्या सभेत देणार आहेत.”

टेबलाच्या पलीकडच्या बाजूला चमचा खाली पडला. मामांनी तो उचलायला वाकायचे निमित्त केले आणि बराच वेळ ते टेबलाखालीच राहिले.

“मूळव्याध? तुला?”

“मला नव्हती गं. पण आता सकाळपासून बसताना दुखतंय.” भाचीने डोळे पुसले. “मामी, माझ्या मनात असेल का खरंच? मलाच माहीत नसेल तर? त्यांना किराणावाल्याचं गाढव दिसलं. मग माझं दिसलं ते खोटं कसं असेल?”

बाईंना इतका वेळ हसू येत होते. ते तिथे थांबले. शहाणी, शिकलेली, हजारो पुस्तके हाताळलेली मुलगी स्वतःच्या मनाविषयी दुसऱ्याची साक्ष काढीत होती. चोर ऐवज नेतो, हे समजण्यासारखे आहे. हा इसम ऐवजावरची मालकीच पुसून टाकीत होता.

“पोरी, एक सांग. केंद्रात तू याआधी कधी गेली होतीस?”

“कधीच नाही. पहिलीच वेळ.”

“मग तुझं मन लाजलं कसं नाही?”

भाचीने वर पाहिले.

“पहिल्या भेटीत मन लाजतं, असं मला त्यांनी स्वतः सांगितलं. दुसऱ्या खेपेपासून दिसतं. तुझी पहिलीच खेप आणि मन मात्र उघडंबागडं. असं का? अर्ज कशावर लिहिलास?”

“मामांच्या सिद्ध फाईलवर. घरच्या कॉम्प्युटरवर होती. आत काही नव्हतं, कोरीच दिसत होती, आणि समास छान होते. म्हणून तीच घेतली.”

“म्हणजे खेप तुझी पहिली, पण फाईलची दुसरी,” बाई म्हणाल्या. “ओळख तुझ्याशी झालेली नाही. फाईलशी झालेली आहे. तिच्यात तुझा मूळ अर्ज अजून आहे का?”

“मूळ अर्ज कोण ठेवतं, मामी? चित्र आलं की मजकूर खोडून फाईल कोरी करतात.”

“तू खोडून टाकलास?”

“मी ग्रंथालयात काम करते,” भाची किंचित दुखावून म्हणाली. “मी काही टाकत नाही.”

दोघी उठून कॉम्प्युटरपाशी गेल्या. फाईल उघडली. स्वच्छ, सुबक अर्ज होता. डाव्या कडेला, ओळींच्या शेजारी, एक बारीक उभी तांबडी रेघ होती.

“बघ, कृपा,” भाची हळूच म्हणाली.

बाईंनी ती रेघ पाहिली. त्या अनेक वर्षे वह्या तपासत आल्या होत्या. समासातली तांबडी रेघ कृपेने उमटल्याचे त्यांच्या पाहण्यात नव्हते. तिथे काहीतरी बदलले आहे, इकडे लक्ष द्या, एवढेच ती सांगते. त्यांनी माउसचा बाण रेघेवर नेला.

“मामी, जळेल.”

“विमा नाही, पण साडूही नाही,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी रेघ दाबली.

यंत्र जळले नाही. पानावर मात्र जणू आतून काहीतरी वर आले. भाचीच्या सुबक ओळींच्या मध्येमध्ये, आडवी काट मारलेला, रंगीत अक्षरांचा दुसराच मजकूर उभा राहिला. ‘मी खाली सही करणारा, पाणीपुरवठा खात्यातील कारकून, मूळव्याधीच्या त्रासामुळे दिवसभर लाकडी खुर्चीवर बसू शकत नसल्याने व गादीची मागणी बिनडोक वरिष्ठांनी तीन वेळा फेटाळल्याने राजीनामा देत आहे.’ त्या मजकुरावर बाण ठेवला, की तो कोणत्या यंत्रावर लिहिला गेला आणि कोणत्या यंत्रावर खोडला गेला, तेही दिसत होते. लिहिले होते पाणी खात्याच्या यंत्रावर आणि खोडले होते घरच्या.

“अहो,” बाईंनी हाक मारली. आवाज चढवला नव्हता. मामांना तो न चढवलेला आवाज ओळखीचा होता.

मामा आले. पडद्याकडे पाहून ते उभेच राहिले. खुर्ची रिकामी होती, पण बसले नाहीत.

“रागात लिहिलं होतं,” ते म्हणाले. “घरी येऊन खोडलं. पाठवलं नाही.”

“राजीनाम्याचं मला सांगितलं नाहीत, ते एकवेळ ठीक. दुखण्याचंही नाही?”

“कसं सांगणार? सांगण्याजोगी जागा आहे का ती?”

“आणि मघाशी टेबलाखाली गेलात, तेव्हा तुम्हाला कळलं होतं.”

मामा भाचीकडे न बघता म्हणाले, “आमचे साहेब मुलाखतीच्या समितीत आहेत. बिनडोक म्हणजे तेच. हे सभेत बाहेर आलं तर पोरीला जागा मिळेल आणि माझी जाईल. वर गावभर ते दुखणं. तू काही दुसरा उपाय काढ. माझं नाव येऊ देऊ नकोस, एवढं ऐक.”

बाईंनी वचन दिले. मग त्या संध्याकाळभर कॉम्प्युटरसमोर बसल्या आणि आज्ञांची यादी, तिच्यासोबतचे मदतीचे पान, सगळे मन लावून वाचून काढले. मदतीचे पान वाचणे हा गावात कोणी न केलेला पराक्रम होता. सगळा चमत्कार त्यात छापील होता. फाईलमध्ये बदलांची नोंद ठेवणारी एक कळ असते. ती चालू असली, की एका यंत्रावर लिहिलेले दुसऱ्या यंत्रावर खोडले तरी जात नाही. नजरेआड होऊन तिथेच राहते. चित्रगुरू ही कळ चालू करून फाईल परत देत आणि तिला ‘सिद्ध’ म्हणत. पहिल्या भेटीत मन लाजे, कारण तोवर नोंद झालेलीच नसे. पुढे गाव आपल्या रीतीप्रमाणे बाहेर रागावे आणि घरी शांत होई. आणि रागाची प्रत चित्रगुरूंकडे आपोआप पोहोचे. चित्रात मात्र फक्त वरचा, नरम मजकूर उतरे. नगरपालिका चित्राखेरीज काही पाहत नसे आणि अर्जदार चित्र मिळताच मूळ मजकूर खोडून टाकी. चोराने पावलांचे ठसे पुसायचे कामही धन्याकडेच सोपवले होते.

उघड्या सभेला मुंगी शिरायला जागा नव्हती. समोर भिंतीवर मोठा पडदा होता, त्यावर चित्रे दाखवीत. बाजूला एक बंद खोली होती. तिला ‘मनकक्ष’ अशी पाटी होती. आत बसून चित्रगुरू फाईल घेत, मन पाहत आणि बाहेर येऊन सांगत.

भाचीचे प्रकरण निघाले तेव्हा चित्रगुरू आत होते आणि दार लागलेले होते. बाई उठल्या.

“माझी एक विनंती आहे. मन वाचतात हे सगळ्यांना मान्य आहे. मग एकदा असं मन वाचून दाखवावं, की ज्याच्याबद्दल कोणालाच शंका नसेल. नगराध्यक्षांनी आपल्या हाताने एक ओळ लिहावी. नाव घालू नये. फाईल आत पाठवावी.”

नगराध्यक्षांना आपल्या मनाविषयी खरोखरच शंका नव्हती. त्यांनी सभागृहातल्या कॉम्प्युटरवर बाईंनी उघडून दिलेल्या कोऱ्या दिसणाऱ्या फाईलमध्ये एका बोटाने लिहिले: ‘मला जनतेची सेवा करायची आहे.’ फाईल मनकक्षात गेली. भिंतीवर तिचे चित्र उमटले. एक ओळ, सुबक, निष्कलंक.

ती फाईल कोरी नव्हती, हे वाचकाने ओळखलेच असेल. बाईंनी आपल्या सिद्ध फाईलवर शाळेच्या यंत्रात एका विद्यार्थ्याचा निबंध उतरवला होता आणि घरच्या यंत्रावर खोडला होता. निबंधाचा विषय होता, ‘मी मांजर झालो तर’.

मनकक्षाचे दार उघडले. चित्रगुरू डोळे अर्धे मिटून बाहेर आले.

“वर सेवा आहे,” ते म्हणाले. “खाली मात्र… खाली या अर्जदाराला सेवा नको आहे. ऊब हवी आहे. दिवसभर मऊ जागी पडून राहावं, लोकांनी पाठीवरून हात फिरवावा, कोणी काम सांगितलं तर ऐकू न आल्याचं दाखवावं, अशी याची अंतरीची इच्छा आहे. दूध कोणाच्याही घरचं असो, याला ते आपलंच वाटतं. पकडला गेला तर हा अंग चाटीत बसेल. असा माणूस कामावर घेऊ नये.”

सगळ्यांनी माना वळवून नगराध्यक्षांकडे पाहिले. मग किराणावाला म्हणाला, “यात नवीन काय सांगितलं?”

आणि हसण्याचा असा लोंढा उठला, की खिडक्यांच्या काचा थरथरल्या.

“हे माझं मन नाही,” नगराध्यक्ष ओरडले.

“साहेब, मन आपलं आपल्याला दिसत नसतं,” मागून कोणीतरी समजुतीच्या सुरात म्हणाले. “गुरूंनाच दिसतं.”

“तुम्हीच सूचनेत लिहिलंय, अनुभवाने सिद्ध,” दुसरा म्हणाला.

बाईंचा बेत फिसकटला होता. त्यांनी सापळा लावला होता, उंदीर आत आला होता, आणि गाव उंदराचा जयजयकार करीत होते. निबंध नगराध्यक्षांना इतका चपखल बसेल, हे गणित त्यांच्याकडून राहून गेले होते. श्रद्धेचे हेच बळ आहे. अंदाज चुकला तर ती क्षमा करते, आणि जुळला तर नमस्कार. पुराव्याला ती दोन्हीकडून उपाशी मारते.

त्या कॉम्प्युटरकडे गेल्या. भिंतीवर आता चित्राऐवजी मूळ फाईल दिसू लागली. ओळीच्या डावीकडे तांबडी रेघ होती. बाईंनी बाण तिकडे नेला.

“बाई, रेघ!” पुढच्या रांगेतली माणसे पाय वर घेऊन बसली.

त्यांनी रेघ दाबली. नगराध्यक्षांच्या ओळीभोवती सगळा निबंध काट मारलेल्या अक्षरांत भिंतीवर पसरला. ‘मी मांजर झालो तर मी मऊ जागी झोपीन. कोणी काम सांगितले तर मला ऐकूच येनार नाही.’ बाण ठेवताच शाळेच्या यंत्राचे नाव झळकले.

“हे मन नगराध्यक्षांचं नाही,” बाई म्हणाल्या. “माझ्या वर्गातल्या एका मुलाचं आहे. त्याला दहापैकी आठ दिलेत.”

नगराध्यक्षांचा जीव भांड्यात पडला. चित्रगुरूंचे डोळे पुरते उघडले होते. पण जीभ अजून पांढऱ्या सदऱ्यातच होती.

“ही फाईल कपटाने बाटवलेली आहे,” ते म्हणाले. “बाटलेल्या फाईलमधून बाटलेलंच येणार. ग्रंथालयाच्या मुलीच्या फाईलला कोणी कपट केलं होतं? तिथे मी पाहिलं ते तिचंच मन होतं. नसेल, तर दाखवा कोणाचं होतं.”

पाणी खात्याचे साहेब समितीच्या टेबलावरून म्हणाले, “बरोबर आहे. मुलीची फाईल दाखवा, बाई.”

फाईल बाईंच्या पेन ड्राइव्हमध्ये होती. तो त्यांनी मुठीत धरून ठेवला. वचन दिलेले होते. दुसऱ्या रांगेत भाची खुर्चीच्या कडेवर, अंग चोरून, एका बाजूला कलून बसली होती. न झालेल्या दुखण्याने ती तसे बसायला शिकली होती.

तिच्या शेजारून मामा उभे राहिले.

“ती मूळव्याध माझी आहे,” ते म्हणाले.

कोणी हसले नाही. खरे म्हणजे, हसावे की काय ते कोणालाच सुचले नाही.

“राजीनामा माझा आहे. कचेरीतल्या यंत्रावर लिहिला आणि घरी खोडला. पोरीने तीच फाईल घेतली. तिला बिचारीला काही माहीत नव्हतं.” मामा भाचीकडे वळले. “तिला काहीही झालेलं नाही. तिने नीट बसावं.”

भाची रडत रडत नीट बसली.

साहेबांनी चष्मा काढला. “आणि बिनडोक कोण?”

“ते मी खोडलं होतं, साहेब.”

“खोडलं होतं ना?”

“खोडलं होतं. गादी मात्र अजून मिळालेली नाही.”

आता मात्र सभागृह हसले. साहेबही, थोडा उशीर लावून, हसले. मुलीची फाईल भिंतीवर उघडली गेली, रेघ दाबली गेली, आणि पाणी खात्याच्या यंत्राचे नाव सर्वांनी वाचले. पाठोपाठ किराणावाला खुर्च्या ओलांडून पुढे आला, त्याने आपला पेन ड्राइव्ह दिला, आणि स्वतःच्या बोटाने, डोळे घट्ट मिटून, आपली रेघ दाबली. गाढव बाहेर आले. मौनाची फी भरलेल्यांपैकी काही जण खिसे चाचपू लागले. त्यांच्या चेहऱ्यावरचा भाव चित्रगुरूंना चांगला वाचता आला असावा, कारण ते मनकक्षाच्या दाराकडे सरकू लागले. दार कोणीतरी आधीच ओढून घेतले होते.

“एवढंच सांगते आणि बसते,” बाई म्हणाल्या. “याने आपली मनं वाचली नाहीत. आपण लिहिलेलं वाचलं. फसवणाऱ्याला फार हुशारी लागत नाही. आपण प्रश्न विचारणार नाही, एवढी खात्री असली की झालं. पहिल्या भेटीत मन का लाजतं? यंत्र कोणाचं जळलं? पडदा आमच्याकडे का नाही वळवत? यातला एक प्रश्न कोणीही, कधीही शेवटपर्यंत लावून धरला असता, तर दुकान त्याच दिवशी बंद पडलं असतं. मीही विचारून अर्ध्यावर सोडला. त्या दिवशी रांगेत मीही उभी होते. तेव्हा यापुढे कोणी सांगितलं, की अमुक गोष्टीला हात लावू नका, जळाल, तर आधी विचारा, का? आणि उत्तर पटलं नाही, तर लावून बघा.”

भाचीची नेमणूक त्याच सभेत, अभिप्रायाशिवाय, झाली. काचेच्या पेटीची किल्ली सापडेना म्हणून जाहीर सूचना पुढे बरेच दिवस तिथेच राहिली. पाणी खात्यात एक गादी मात्र आली. चित्रगुरूंचा जबाब सभेच्या इतिवृत्तात घेण्यात आला. तो त्यांनी उभ्याने, पांढऱ्या सदऱ्याची बाही दुमडत, जुन्या झेरॉक्सवाल्याच्या पुऱ्या आवाजात दिला. तो शब्दशः असा:

“मन दिसतं असं मी पहिल्यांदा म्हटलंच नव्हतं. एक गृहस्थ चित्र करून घ्यायला आले, त्यांच्या फाईलमधलं खोडलेलं मला दिसलं, ते मी सहज बोललो, आणि ते माझ्या पाया पडले. त्यांना खरं सांगणार होतो. पण मागे रांगेत आणखी लोक होते, आणि तेही वाकलेले. मग सांगायचं राहून गेलं. मौनाची फी मीच ठरवली, ते कबूल आहे. मला रोज भीती वाटायची, की आज कोणीतरी त्या रेघेला हात लावणार. रेघ माझ्याकडे नव्हती, साहेब. रेघ ज्याच्या त्याच्या घरी, ज्याच्या त्याच्या पडद्यावर होती. मी फक्त हात लावू नका म्हणालो, आणि कोणी लावला नाही.”